पिल्लाची खाज: घरी काय करावं, काय टाळावं

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की मुलांच्या आनंदाला उधाण येतं. पण थोड्याच दिवसांत ते सारखं अंग खाजवू लागतं, पोटावर पुरळ दिसतं, केस झडतात. मग कुणी रॉकेल लावायला सांगतं, कुणी फिनाइल, तर कुणी गॅरेजमधलं जळकं ऑइल. हे उपाय पिल्लाच्या जिवावर बेतू शकतात. त्यांनी नाजूक कातडी भाजते आणि अंग चाटल्यामुळे विष थेट पोटात जातं. म्हणून आधी खाज कशाची आहे ते ओळखा.

पिसवा आणि गोचीड

पिल्लाचे केस ओल्या पांढऱ्या कापसावर विंचरा. त्यावर पडलेल्या काळ्या कणांभोवती लालसर डाग उमटला तर पिसवा आहेत असं समजा. 8 आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर, फवारा किंवा औषधी पट्टा लावू नका. कोमट पाणी, पिल्लांसाठीचा सौम्य शाम्पू आणि बारीक दातांची फणी वापरा. फणीत आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करा.

पिसवांची अंडी अंगावरून खाली गळतात. म्हणून पिल्लाचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा, कानाकोपरे झाडून घ्या. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका.

पिल्लाच्या हिरड्या फिकट दिसल्या तर मात्र वेळ दवडू नका. पिसवांनी रक्त शोषल्यामुळे लहान पिल्लू दगावूही शकतं.

पोटावरच्या पुटकुळ्या

ओल्या, अस्वच्छ जागेत झोपणाऱ्या पिल्लाच्या पोटावर पू भरलेल्या बारीक पुटकुळ्या येतात. त्या फोडू नका. जागा कोमट पाण्यानं हलकेच पुसून कोरडी ठेवा, अंथरूण बदला. पुटकुळ्या चार-पाच दिवसांत कमी झाल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखवा.

गजकर्ण आणि खरूज

केस गेलेले गोल चट्टे गजकर्णाचे असू शकतात. कानाच्या कडा आणि कोपरांवर खपल्या, सोबत जीव नकोसा करणारी खाज असेल तर खरजेची शंका घ्या. हे दोन्ही रोग माणसांनाही होतात. म्हणून पिल्लाला मुलांच्या अंथरुणात घेऊ नका आणि हाताळल्यावर हात साबणानं धुवा. डोळ्यांभोवतीचे केस झडले, पण खाज फारशी नसेल, तर बहुधा ती दुसऱ्या प्रकारच्या किड्यांची खरूज असते. ती माणसांना लागत नाही.

नेमका प्रकार नुसत्या डोळ्यांना कळत नाही. डॉक्टर कातडी किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तोवर घरातलं स्टेरॉइडचं मलम लावू नका, त्यानं गजकर्ण आणि खरूज बळावते. मोठ्या कुत्र्याचं उरलेलं औषधही देऊ नका. घरात मांजर असेल तर विशेष सांभाळा, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराला विषासारखं असतं.

स्वच्छता, कोरडेपणा आणि फणी एवढं घरच्यांनी सांभाळावं. औषध मात्र डॉक्टरांनीच ठरवावं.