हिपॅटायटिस सी बरा झाल्यानंतरचे यकृत

हिपॅटायटिस सीचा विषाणू रक्तावाटे शरीरात शिरतो आणि अनेकदा वीस-तीस वर्षे ठळक लक्षण न दाखवता यकृतात ठाण मांडून बसतो. त्याच्यामुळे सतत धुमसणाऱ्या दाहाने यकृतातील तारकाकृती पेशी कोलॅजन हे चिवट प्रथिन तयार करू लागतात, आणि या तंतूंचे जाळे दाट होऊन यकृत गाठाळ झाले की त्या अवस्थेला सिरोसिस म्हणतात.

केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. सिरोसिस नसल्यास सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या १२ आठवडे घ्याव्या लागतात व ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त होतात. औषध संपल्यानंतर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणूचा आरएनए आढळला नाही, म्हणजे विषाणू गेला असे मानले जाते. प्रतिपिंडांची साधी चाचणी मात्र पुढेही ‘पॉझिटिव्ह’च येत राहते, त्यामुळे तिच्यावरून आजार उलटला असे समजून घाबरण्याचे कारण नाही.

विषाणू गेला म्हणजे व्रणही गेला, असे मात्र नव्हे. दाह थांबल्यावर कोलॅजन विरघळवणाऱ्या विकरांचे पारडे जड होते आणि तंतू हळूहळू विरतात, पण त्याला वर्षे लागतात. इटलीतील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विषाणूमुक्त झालेल्या ३८ सिरोसिसग्रस्तांच्या यकृताचे तुकडे सुमारे पाच वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा २३ जणांचा सिरोसिस मागे हटला होता, उरलेल्यांचा नाही.

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी किंवा सेनगावच्या रुग्णाला यकृताचा ताठरपणा मोजणारे फायब्रोस्कॅन यंत्र जवळ मिळाले नाही, तरी साध्या रक्ततपासणीवरून ‘फिब-४’ हा निर्देशांक काढता येतो. उदाहरणार्थ, वय ५२, एएसटी ८०, एएलटी ६४ आणि प्लेटलेट १ लाख २० हजार असतील, तर तो ४.३ येतो, आणि ३.२५ च्या वरचा आकडा बळावलेल्या व्रणाकडे बोट दाखवतो. उपचारानंतर एएसटी ३०, एएलटी २५ आणि प्लेटलेट दीड लाख झाले, तर तोच आकडा सुमारे २.१ वर उतरतो. ही घट मुख्यतः दाह शमल्याची असते. तिच्यावरून व्रण विरला असे ठरवणे धोक्याचे आहे, कारण सिरोसिस झालेल्या यकृतात कर्करोगाची शक्यता कमी झाली तरी संपत नाही.

यकृताला मदत म्हणून घेतल्या जाणाऱ्या औषधांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. वसमतच्या बाजारात जिची मोठी उलाढाल होते ती हळद आमटी-भाजीत निर्धोक आहे, मात्र तिच्या अर्काच्या तीव्र कॅप्सूलमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे. दारू तर पूर्णपणे सोडलीच पाहिजे, आणि मधुमेह व वजन ताब्यात ठेवले पाहिजे.

उपचारापूर्वी ज्यांना सिरोसिस होता, त्यांनी विषाणू गेल्यानंतरही दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी चुकवू नये.