येलहंक्याच्या छतावरची वीज : लहान व्यवसायाचे बिल आणि सौरऊर्जेचे अर्थकारण

बंगळुरूच्या उत्तरेला असलेले येलहंका हे रेल्वेच्या चाक कारखान्यासाठी आणि हवाई दलाच्या तळासाठी परिचित असले, तरी कर्नाटकाच्या वीजनिर्मितीच्या इतिहासातही या गावाचे नाव वेगळ्या कारणाने नोंदले गेले आहे. १९९० च्या दशकात राज्यात विजेची तीव्र टंचाई असताना कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनने येथे डिझेलवर चालणारे वीजकेंद्र उभारले आणि त्याची क्षमता पुढे सुमारे १२८ मेगावॅटपर्यंत गेली. परंतु डिझेलची वीज इतकी महाग पडे की टंचाईच्या काळातच तिचा आधार घेणे परवडत असे. ते केंद्र बंद झाल्यावर त्याच परिसरात ३७० मेगावॅटचा वायूवर आधारित प्रकल्प उभा राहिला आणि अनेक वर्षांच्या विलंबानंतर २०२४ मध्ये कार्यान्वित झाला. या प्रकल्पाच्या इंधनाचा एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे, कारण त्याला लागणारा नैसर्गिक वायू गेल या सार्वजनिक कंपनीच्या दाभोळ–बंगळुरू वाहिनीतून येतो. रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यापासून निघणारी ही वाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली आणि बेळगाव, धारवाड या भागांतून ती कर्नाटकाच्या राजधानीपर्यंत पोहोचते. डिझेल असो वा वायू, इंधन लांबून आणावे लागते आणि त्याच्या किमतीतला चढउतार अखेर ग्राहकाच्या बिलात उतरतो. छतावरच्या सौर पॅनेलचे अर्थशास्त्र याच्या नेमके उलट आहे : तेथे जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी होतो आणि पुढची पंचवीस वर्षे इंधन फुकट मिळते. मात्र हा पहिला खर्च वसूल होतो की नाही, हे पॅनेलच्या गुणवत्तेपेक्षा व्यवसायाच्या वीजबिलाच्या रचनेवर आणि दिवसा होणाऱ्या वापरावर अधिक अवलंबून असते, आणि पुष्कळ लहान व्यावसायिक नेमका हाच भाग न तपासता विक्रेत्याच्या दरपत्रकावर सही करतात.

येलहंक्याला वीजपुरवठा करणाऱ्या बेस्कॉम या कंपनीचे व्यापारी किंवा औद्योगिक बिल मुख्यतः दोन भागांचे असते. पहिला भाग स्थिर आकाराचा. तो मंजूर भारावर, म्हणजे जोडणी घेताना जितके किलोवॅट मान्य करून घेतले तितक्यावर, दरमहा आकारला जातो आणि महिनाभर दुकान बंद राहिले तरी तो भरावाच लागतो. दुसरा भाग वीज आकाराचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांचा असतो. या दुसऱ्या भागावर इंधन व वीजखरेदी खर्चाचे समायोजन, राज्य शासनाचा ९ टक्के वीजकर आणि एप्रिल २०२५ पासून कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी लावलेला, पहिल्या वर्षी प्रतियुनिट ३६ पैशांचा, अधिभार अशी भर पडत जाते. सौर संचामुळे कमी होतो तो केवळ युनिटांशी बांधलेला भाग. स्थिर आकार पैशानेही कमी होत नाही. म्हणून ज्या व्यवसायाचा मंजूर भार मोठा पण वापर तुरळक आहे, उदाहरणार्थ महिन्यातून काहीच दिवस वेल्डिंग चालणारी कार्यशाळा, त्याने सौर पॅनेलचा विचार करण्यापूर्वी मंजूर भार कमी करून घेण्याचा अर्ज करावा, हे अधिक शहाणपणाचे ठरते. त्याला भांडवल लागत नाही आणि बचत पुढील बिलापासून सुरू होते.

हे बिल लहान व्यावसायिकालाच सर्वाधिक का टोचते, याचे कारण दररचनेत आहे. कर्नाटकात शेतीपंपांना १० अश्वशक्तीपर्यंत वीज विनामूल्य आहे आणि २०२३ पासून गृहज्योती योजनेखाली घरगुती ग्राहकांना महिन्याला २०० युनिटांच्या मर्यादेत शून्य बिल येऊ शकते. शासन या सवलतींचे अनुदान वीजकंपन्यांना देत असले, तरी दर ठरवताना व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांकडून पुरवठ्याच्या खर्चापेक्षा अधिक वसुली करून इतरांचा भार हलका करण्याची, म्हणजे आडअनुदानाची, पद्धत देशभर रूढ आहे. मोठा कारखाना खुल्या बाजारातून किंवा पावगड्यासारख्या सौर उद्यानांच्या परिसरातील उत्पादकांशी करार करून वीज घेऊ शकतो. बेकरी, पिठाची गिरणी, छापखाना किंवा दंतवैद्यकाचा दवाखाना यांना तो मार्ग उपलब्ध नसतो. त्यांच्या हाती असते ते फक्त स्वतःचे छत. त्यातही घरांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतील ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान केवळ निवासी जोडणीला लागू असल्याने व्यापारी जोडणीवर त्याचा एक रुपयाही मिळत नाही, आणि विक्रेत्याने तसे आश्वासन दिल्यास ते खोटे समजावे.

भूगोल मात्र येलहंक्याच्या बाजूने आहे. गाव सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण तितक्याच अंशांनी कललेले पुरते, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीमुळे हवा तुलनेने थंड राहते. थंडीचा संबंध येथे महत्त्वाचा आहे, कारण सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते आणि पॅनेलचे स्वतःचे तापमान त्यापुढे जसजसे वाढते तसतसे प्रत्येक अंशामागे उत्पादन ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते; विदर्भातील मे महिन्यात कडक ऊन असूनही अपेक्षेइतकी वीज का मिळत नाही, याचे उत्तर यातच आहे. ढोबळमानाने येलहंक्यात एक किलोवॅटचा संच वर्षाकाठी १४०० युनिटांच्या आसपास, म्हणजे दिवसाला सरासरी चार युनिट देतो; फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ भरघोस उत्पादनाचा आणि जून ते ऑक्टोबर हा ढगाळ हवेचा असतो. एका किलोवॅटसाठी सुमारे १०० चौरस फूट सावलीरहित जागा लागते. पाण्याच्या टाकीची, शेजारच्या नव्या मजल्याची किंवा मोबाइल मनोऱ्याची सावली एका पॅनेलवर पडली तरी मालिकेत जोडलेल्या बाकीच्या पॅनेलांचे उत्पादनही खाली येऊ शकते, म्हणून जागेची पाहणी डिसेंबरमधील लांब सावल्या ध्यानात घेऊन करावी लागते. कूपनलिकेच्या जड पाण्याने पॅनेल धुतल्यास काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो पुसून निघत नाही. विमानतळ रस्त्यालगतच्या बांधकामांची धूळ पाहता येथे धुणे तर वारंवार लागते, तेव्हा त्यासाठी मऊ पाण्याची किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची सोय आधीच करावी.

दिवसा तयार झालेली वीज व्यवसायाने तत्काळ वापरली नाही, तर ती दोन्ही दिशांनी मोजणाऱ्या मीटरमधून वीजजाळ्यात जाते. नेट मीटरिंग या व्यवस्थेत दिलेली युनिटे घेतलेल्या युनिटांतून वजा होतात आणि उरलेल्या फरकाचे बिल येते. ग्रॉस मीटरिंगमध्ये सौर संचाची सगळी वीज ठरलेल्या दराने कंपनीला विकली जाते आणि वापराचे बिल स्वतंत्र राहते. कर्नाटक वीज नियामक आयोगाने २०१३ मध्ये अनुदान न घेणाऱ्या छतावरील संचांसाठी प्रतियुनिट ९ रुपये ५६ पैसे इतका दर जाहीर केला होता, त्यामुळे त्या काळी वीज विकणे हाच लाभाचा मार्ग होता. पॅनेलच्या किमती कोसळल्यावर हा दर पायरीपायरीने खाली आणण्यात आला आणि आता विकलेल्या युनिटाचे मोल वाचवलेल्या युनिटापेक्षा बरेच कमी आहे. या एका बदलामुळे सगळे गणित फिरले आहे : पूर्वी छत मावेल तेवढा मोठा संच बसवणे योग्य होते, आज स्वतःच्या वापरात सामावेल तेवढाच बसवणे योग्य आहे.

उदाहरणापुरता १० किलोवॅटचा संच घेऊ आणि त्याचा खर्च प्रतिकिलोवॅट ५०,००० रुपये प्रमाणे ५ लाख रुपये मानू. वर्षाला १४,००० युनिटे तयार झाली आणि त्यांतील १२,००० स्वतःच्या वापरात वजा झाली, तसेच वीज आकार ७ रुपये, त्यावरील कर ६३ पैसे आणि अधिभार ३६ पैसे धरला, तर वाचलेल्या प्रत्येक युनिटाचे मोल जवळपास ८ रुपये आणि एकूण बचत ९६,००० रुपये होते. उरलेल्या २,००० युनिटांना ३ रुपये मिळाले असे समजल्यास त्यांचे ६,००० रुपये. सफाई, विमा व किरकोळ दुरुस्तीचे १०,००० रुपये वजा केल्यावर वर्षाला ९२,००० रुपये हाती राहतात, म्हणजे भांडवल साडेपाच वर्षांच्या आत परत येते. पॅनेलवर २५ वर्षांची उत्पादन-हमी असते आणि त्यांची क्षमता वर्षाला साधारण अर्ध्या टक्क्याने घटते. परंतु पॅनेलच्या एकदिश प्रवाहाचे वापरण्याजोग्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारा इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागण्याची शक्यता असते, आणि दरपत्रकात हा खर्च सहसा दाखवलेला नसतो. हेच ५ लाख रुपये गुंतवून वर्षाला ५,००० युनिटेच स्वतःच्या उपयोगी पडणार असतील, तर परतफेडीचा काळ जवळपास नऊ वर्षांवर जातो.

करांचा विचार या हिशोबात बहुधा अर्धवट होतो. आयकरात सौर संचावर ४० टक्के दराने घसारा मिळतो आणि ज्या भागीदारी संस्थेला ३० टक्के कर लागतो तिचा पहिल्या वर्षीच ५ लाखांवर सुमारे ६०,००० रुपये कर वाचू शकतो. मात्र संच त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरात असल्यास घसारा निम्माच मिळत असल्याने तो सप्टेंबरअखेरपूर्वी सुरू होणे हिताचे असते. अनुमानित कर योजनेखाली उलाढालीच्या ठरावीक टक्क्यावर कर भरणाऱ्या लहान दुकानदाराला ही वजावट वेगळी मागताच येत नाही, कारण त्याच्या उत्पन्नात सगळे खर्च आधीच धरलेले असतात. वस्तू व सेवा कराचे तसेच आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि उभारणीसह दिलेल्या कंत्राटात ७० टक्के भाग उपकरणांचा व ३० टक्के सेवेचा धरला जात असल्याने एकत्रित भार ८.९ टक्के पडतो, पण ५ टक्के दराने कर आकारणाऱ्या उपाहारगृहाला किंवा कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला या कराची वजावट मिळत नाही.

वीज गेली तरी सौर संचामुळे दुकान चालू राहील, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. वीजजाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच स्वतः बंद पडतो, कारण तसे न झाल्यास तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसून प्राण गमवावे लागू शकतात. भरदुपारी ऊन असूनही अंधार नको असेल, तर बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि खर्च लक्षणीय वाढतो; तो बिलातील बचतीतून सहसा वसूल होत नाही, डिझेल जनित्राच्या खर्चाशी तुलना केल्यावरच त्याचे समर्थन होते.

येलहंका न्यू टाऊनलगतच्या केएचबी औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी लेथ, ड्रिल आणि कॉम्प्रेसर चालवणाऱ्या कार्यशाळांना आणखी एक अडचण येते, जिच्याबद्दल विक्रेते क्वचितच बोलतात. विद्युत मोटारीला प्रत्यक्ष काम करणाऱ्या शक्तीबरोबरच चुंबकीय क्षेत्र टिकवण्यासाठी प्रतिघाती शक्ती लागते आणि या दोहोंच्या प्रमाणातून पॉवर फॅक्टर ठरतो. तो मर्यादेखाली गेला की बिलात दंड लागतो. समजा मोटारी ८ किलोवॅट कार्यशक्ती आणि ६ किलोव्हार प्रतिघाती शक्ती घेत आहेत, म्हणजे पॉवर फॅक्टर ०.८ आहे. सौर संचाने ५ किलोवॅट पुरवल्यावर वीजजाळ्यातून ३ किलोवॅटच घ्यावे लागतात, पण ६ किलोव्हार तसेच राहतात आणि मीटरला दिसणारा पॉवर फॅक्टर त्या क्षणी ०.४५ पर्यंत घसरतो. अशा वेळी युनिटे कमी होऊनही दंडामुळे बचत आटते. योग्य क्षमतेची कपॅसिटर पेटी बसवणे किंवा इन्व्हर्टरलाच प्रतिघाती शक्ती पुरवण्याची आज्ञा देणे हा त्यावरचा उपाय आहे आणि तो कंत्राटात आधीच लिहून घेतला पाहिजे. पत्र्याच्या छपराचा सांगाडा अतिरिक्त वजन आणि वाऱ्याचा ताण सहन करील की नाही हेही संरचना अभियंत्याकडून तपासून घ्यावे. जुन्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर तर चढणेही धोक्याचे आहे.

काही व्यवसायांनी विजेच्या पॅनेलआधी उष्णतेकडे पाहावे. येलहंक्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांभोवती विद्यार्थ्यांची पीजी वसतिगृहे दाटली आहेत आणि त्यांच्या बिलातील मोठा वाटा सकाळच्या गिझरांचा असतो. सूर्यप्रकाशातील सुमारे एकपंचमांश ऊर्जेचेच पॅनेल विजेत रूपांतर करते, तर सौर जलतापक त्याच उन्हातील जवळपास निम्मी उष्णता पाण्यात उतरवतो आणि १०० लिटरचा जलतापक वर्षाला १५०० युनिटांपर्यंत वाचवू शकतो. बंगळुरूने सौर जलतापक इतर महानगरांच्या आधी आणि मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. येलहंक्याजवळच्या बेट्टहलसूर येथील एमव्ही ही कंपनी १९९२ मध्ये जलतापकांपासूनच सुरू झाली आणि नंतर पॅनेलनिर्मितीत उतरली.

भांडवलाची अडचण सोडवण्याची एक वाटही याच शहराने दाखवली आहे. १९९५ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या सेल्को या संस्थेने आणि तिचे सहसंस्थापक हरीश हांडे यांनी, ज्यांना २०११ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, फेरीवाले, शिंपी आणि छोटे कारागीर यांच्यासाठी कर्जाचा हप्ता त्यांच्या रोजच्या किंवा हंगामी मिळकतीशी जुळवून देण्यावर भर दिला, आणि ग्रामीण बँकांना असे कर्ज देण्यास राजी केले. भाड्याच्या गाळ्यातील व्यावसायिकासाठी मात्र कर्जापेक्षा भाडेकरार मोठा अडसर ठरतो, कारण दोन-तीन वर्षांच्या करारात पाच वर्षांनी फिटणारी गुंतवणूक बसत नाही; तेथे मालकाशी छताच्या वापराचा स्वतंत्र लेखी करार करून संच हलवण्याचा किंवा मालकाने तो ठरलेल्या घसारामूल्याने घेण्याचा मुद्दा नोंदवणे आवश्यक असते.

परवानगीची प्रक्रिया पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियमांतील फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी तांत्रिक व्यवहार्यता-अभ्यासाची अट राहिलेली नाही. त्याच नियमांत जून २०२३ मध्ये झालेला दुसरा बदल मात्र सौर ग्राहकाला उलट दिशेने नेणारा आहे : १० किलोवॅटपेक्षा अधिक मागणी असलेल्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना वेळेनुसार वेगळे दर लावावेत आणि दिवसा सूर्यप्रकाशाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवावेत, असे त्यात म्हटले आहे. राज्याराज्यांतील आयोग हे दर आपापल्या गतीने लागू करत आहेत. दिवसाची वीज स्वस्त झाली की छतावरच्या युनिटाचे मोलही तितके घटते. वरच्या उदाहरणातील वीज आकारच २० टक्क्यांनी उतरला, तर बचत वर्षाला सुमारे १८,००० रुपयांनी कमी होऊन परतफेडीला पावणेसात वर्षे लागतात. हा धोका लक्षात घेता सुट्टीचे दिवस वगळून कामाच्या दिवशी सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेतील किमान भार महिनाभर मोजून, त्याच्या आसपासच्या क्षमतेचा संच प्रथम बसवणे आणि छतावर व इन्व्हर्टरमध्ये पुढील वाढीसाठी जागा ठेवणे, हा लहान व्यवसायासाठी सर्वांत सुरक्षित क्रम आहे.