कडा चढतो कोण : दंड की बोटे?

प्रस्तरारोहणाच्या शिबिरासाठी शाळेतून फक्त दहा मुले निवडायची आहेत असे समजा. निवड कशी कराल? पुष्कळांना पहिली सुचते ती कसोटी म्हणजे आडव्या बारची. बारला लोंबकळायचे आणि हनुवटी बारच्या वर किती वेळा नेता येते ते मोजायचे. ज्याचे दंड भरलेले तो आत, बाकीचे बाहेर. या कसोटीत सडपातळ मुले पटकन गळतात आणि मुली तर बहुधा गळतातच. तेव्हा छाती, खांदे आणि दंड यांच्या ताकदीवरून कातळ चढण्याचे कौशल्य खरोखरच ओळखता येते काय, हे तपासून पाहिलेले बरे.

प्रथम हातांवर किती भार येतो ते पाहू. सरळ उभ्या भिंतीवर एक मुलगी पावलांनी एका कंगोऱ्यावर उभी आहे. तिचे वजन ४८ किलोग्रॅम. हातांची पकड पावलांपासून १६० सेंटिमीटर उंचीवर आहे आणि शरीराचा गुरुत्वमध्य पावलांच्या आधारापासून ४० सेंटिमीटर बाहेर आहे. वजन तिला मागे उलटवू पाहते. हातांची आडवी ओढ ते होऊ देत नाही. पावलांभोवती दोन्ही बलांची परिबले (म्हणजे बल गुणिले लंबांतर) समान हवीत. म्हणून हातांची ओढ = ४८ × ४० ÷ १६०, म्हणजे १२ किलोग्रॅम वजनाइतकी. आता तिने कंबर भिंतीकडे वळवून गुरुत्वमध्य २० सेंटिमीटरवर आणला, तर हीच ओढ ६ वर येते. दंडात कणभर ताकद न वाढवता काम निम्मे झाले! शरीराचे वजन पावलांवरच राहिले. हात केवळ तोल सांभाळतात.

हे तळमजल्यावरच्या खिडकीच्या पक्क्या गजांना धरून अजमावता येईल. पावले भिंतीला टेकवून गज छातीच्या उंचीवर धरा आणि कंबर हळूहळू मागे न्या. मग तेच गज कंबरेच्या उंचीवर धरून करा. कोणत्या वेळी ओढ जास्त पडते, ते हातच सांगतील.

भिंत मात्र आपल्या अंगावर झुकलेली असेल, म्हणजे गिर्यारोहक ज्याला ओव्हरहँग म्हणतात तशी, तर हिशेब बदलतो. हातांची पकड पावलांच्या पलीकडे बाहेर गेली की वजनाचा मोठा वाटा हातांवर येतो. येथे दंडांना खरोखर काम पडते. अमेरिकेचे जॉन गिल याचे उत्तम उदाहरण. हे गणिताचे प्राध्यापक आणि जिम्नॅस्टिक्समध्ये तयार झालेले. घाम टिपण्यासाठी जिम्नॅस्ट हाताला जी मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड लावतात, ती १९५० च्या दशकात कातळावर त्यांनीच रूढ केली. एका बोटावर शरीर उचलण्याइतकी त्यांची ताकद होती. पण त्यांचे क्षेत्र प्रामुख्याने काही मीटर उंचीच्या शिळांचे. तेथे चार-सहा अवघड हालचालींत सारा निकाल लागतो.

आता ताकद म्हणजे नेमके काय? वजन उचलणाऱ्या मल्लाची ताकद किलोग्रॅममध्ये मोजतात. चढणाऱ्याला ती स्वतःच्या वजनाने भागावी लागते. स्नायूचे बल त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे लांबीच्या वर्गावर अवलंबून असते; वजन मात्र लांबीच्या घनाप्रमाणे वाढते. सारख्याच बांध्याच्या ५० आणि ८० किलोग्रॅमच्या दोन माणसांची तुलना करा. वजन १.६ पट, पण ताकद सुमारे १.३७ पटच! म्हणजे वजनाच्या मानाने मोठा माणूस सुमारे १४ टक्क्यांनी दुबळाच ठरतो. मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझे नेते, त्याच्यामागेही हेच गणित आहे.

आणि कातळाला चिकटतात ती बोटे. गंमत अशी की बोटे मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी मूठ मिटा-उघडा. स्नायू तेथे हलताना जाणवतील. तेथून कंडरा निघून दोरीसारख्या बोटांपर्यंत जातात. स्नायू जोराने आवळला गेला की त्याच्यातल्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात, रक्तपुरवठा तुटतो आणि थोड्याच वेळात हात दगडासारखे कडक होऊन पकड सुटते. अशा वेळी दंड ताजेतवाने असले तरी त्यांचा उपयोग नाही. म्हणूनच चांगला चढणारा संधी मिळेल तेथे एक हात खाली सोडून झटकतो. मूठ दाबून मोजण्याच्या साध्या उपकरणानेही बोटांची ही ताकद नीट कळत नाही, कारण तेथे अंगठा समोरून दाब देतो. अरुंद कंगोऱ्यावर अंगठ्याला समोरून दाबायला काही नसते.

कॅलिफोर्नियातील एल कॅपिटन या सुमारे ९०० मीटर उंचीच्या ग्रॅनाइटच्या कड्यावर ‘नोज’ नावाची वाट आहे. ती १९५८ मध्ये खिळे ठोकून, दोरांच्या आधाराने प्रथम चढली गेली. वजन दोरावर न टाकता, केवळ हातापायांनी ती संपूर्ण चढणारी पहिली व्यक्ती लिन हिल, वर्ष १९९३. उंची सुमारे १५७ सेंटिमीटर! पुढच्याच वर्षी त्यांनी ती एका दिवसात चढून दाखवली. त्यांच्याहून कितीतरी जाड दंडांचे पुरुष त्याआधी तेथे हरले होते. अर्थात हिलही जिम्नॅस्ट होत्या, दुबळ्या नव्हत्या. आणि काही अरुंद भेगांत लहान बोटे उपयोगी पडली हेही खरे.

मग मोजमाप काय सांगते? ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २००० साली ४४ स्त्री-पुरुष आरोहकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या चढण्यातील फरकांपैकी सुमारे ५९ टक्के भाग सरावाने वाढणाऱ्या गुणांशी जुळत होता. शरीराच्या मापांचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी, लवचिकपणाचा २ टक्क्यांच्या आत. बाकीचे सुमारे ३९ टक्के या मोजमापांत सापडलेच नाहीत. पाऊल कोठे ठेवावे, पुढची पकड आधी ओळखावी, भीतीने मूठ गरजेपेक्षा जास्त आवळू नये, अशा गोष्टी फूटपट्टीने कशा मोजणार?

त्या ५९ टक्क्यांचा अर्थही जपून लावला पाहिजे. पाचवी ते दहावीच्या सर्व मुलांची उंची मोजा आणि त्यांना गणिताची एकच प्रश्नपत्रिका द्या. उंच मुलांना जास्त गुण पडतील! म्हणून उंचीमुळे गणित येते असे कोणी म्हणेल काय? दोन्हींमागे वय आणि शिक्षण आहे. तसेच जो वर्षानुवर्षे कातळ चढतो त्याची ताकदही वाढते आणि कौशल्यही. ताकद मुळीच नको असे नव्हे. काही किमान ताकदीवाचून अवघड चढाई अशक्यच. पण नवशिक्यांमधून पुढचा आरोहक बारवर निवडणे हे दहावीच्या वर्गात उंची पाहून गणिती निवडण्यासारखे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे एक सूचना दिलीच पाहिजे. ताकद भागिले वजन हे सूत्र कळले की काही जण छेद कमी करू लागतात, म्हणजे जेवण तोडतात. वाढत्या वयात हाडे आणि संप्रेरके यांची त्याने मोठी हानी होते. तसेच तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांच्या बोटांच्या हाडांची वाढीची टोके अजून कूर्चेची, कच्ची असतात. बोटांवर लोंबकळण्याच्या अतिरेकी व्यायामाने तेथे तडा जाऊ शकतो. बोटाच्या मधल्या सांध्यात दुखू लागले तर चढणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. पुणे-मुंबईसारख्या शहरांत कृत्रिम भिंती आहेत. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, दोर लावून, वर्गातल्या वीस मुला-मुलींना चढू द्यावे आणि कोण किती उंच गेले ते टिपावे. बारवरची संख्या आणि वजनही टिपावे. आडव्या अक्षावर बारची संख्या, उभ्यावर चढलेली उंची घेऊन वीस बिंदू मांडावेत. दोन महिने आठवड्यातून एकदा सराव देऊन तोच आलेख दुसऱ्या रंगाने पुन्हा काढावा आणि सर्वांत जास्त वर सरकलेले बिंदू पहिल्या दिवशी बारवर कोठे होते, ते पाहावे.