सिद्ध झाले म्हणजे काय झाले?

माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या वर्गातील बऱ्याच मुलांची तीच होती, कारण गुरुजींनी ती अंदाजाने घातली होती. आजी मात्र सांगते की, १९६९ साली गोदावरीला महापूर आला त्याच आठवड्यात त्यांचा जन्म झाला. तो पूर सप्टेंबरातला. तरीही कचेरीत दाखला चालतो, आजीचा शब्द चालत नाही. मग सिद्ध होणे म्हणजे खरे असणे, की नुसते मान्य होणे?

गणितात याचे उत्तर सरळ आहे. हजार त्रिकोण मोजले आणि प्रत्येकाच्या कोनांची बेरीज १८० अंश भरली, तरी ती सिद्धता नव्हे. गृहीतकांपासून पायरीपायरीने निष्कर्षापर्यंत यावे लागते. इतिहासाला व विज्ञानाला ही सोय नाही. त्यांना पुराव्यावरच भागवावे लागते.

आपल्या नाशिकचेच उदाहरण घेऊ. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरात वंश निःशेष केला, असे ती त्यात सांगते. नहपान हा क्षहरात राजा. त्याच्या जावयाचे, उषवदाताचे, लेखही याच डोंगरात दहाव्या लेण्यात आहेत. परंतु आईने केलेली मुलाची स्तुती पुरावा म्हणून कशी धरावी?

१९०६ साली सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपानाची, पण त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. खाली नहपानाचा चेहरा, वर सातकर्णीची चिन्हे. वरचा छाप खालच्याच्या आधी पडू शकत नाही. म्हणजे नहपानाचा पैसा नंतर सातकर्णीच्या हुकमतीखाली आला. आईच्या शब्दाला नाण्यांनी दुजोरा दिला.

मात्र वंश खरोखर निःशेष झाला का, कोणत्या वर्षी झाला, हे नाणी सांगत नाहीत. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच आपण बोलावे, आणि उद्या नवा पुरावा निघाला तर मत बदलण्याची तयारी ठेवावी. शास्त्रीय वृत्ती म्हणतात ती हीच.

हे समजल्यावर मी आजीच्या जुन्या शेजारणीला, आजीचे म्हणणे न सांगता, वडिलांच्या जन्माविषयी विचारले. तिनेही आपणहून पुराचीच गोष्ट काढली. पण तेव्हा बाळ पाळण्यात होते की अजून पोटात, हे तिला आठवेना. आजीच्या म्हणण्यावर माझा विश्वास आहे. दाखल्यावरच्या तारखेवर नाही. परंतु विश्वास आणि सिद्धता यांत अंतर आहे. ते मान्य करण्यात आजीचा अपमान नाही.