अंगठा आहे, रेंज कुठे?

देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली (ता. शहादा) गावी वाटले गेले. पुढे रेशन, शिष्यवृत्ती, पेन्शन सारे अंगठ्याला जोडले गेले. परंतु याच जिल्ह्यात अक्राणी-अक्कलकुव्याच्या कित्येक पाड्यांवर अंगठा तपासायला रेंजच मिळत नाही. सातपुड्याचे डोंगर टॉवरच्या लहरी अडवतात.

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्र केले. त्यात नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव व वाशीम यांची नावे आहेत. २०१८ साली केंद्राने राज्यातून 'आकांक्षित' म्हणून निवडलेले जिल्हे हेच चार. म्हणून ही योजना आपण नीट समजून घेतली पाहिजे.

एका जागी स्थिर दिसणारे जुने उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतात. तिथून उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. हे नवे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरून सतत फिरतात, त्यामुळे उत्तर झटकन येते. खाली लागते जेवणाच्या पाटासारखी चपटी तबकडी, एक राऊटर आणि वीज. हे सामान जीपने किंवा नर्मदेतल्या बोटीनेही नेता येते.

मात्र तबकडीला मोकळे आभाळ हवे. साग-महूची फांदी किंवा दरीची भिंत आड आली की जोडणी तुटते. म्हणून जागा उंचावर निवडावी. विजेचा हिशेबही आधीच करावा. ७५ वॅट धरले तर चोवीस तासांत १.८ युनिट वीज लागते. शाळेपुरते आठ तास चालवले तर ०.६ युनिट. सौर पॅनल व बॅटरी त्या मापाची हवी. पॅनल पुसणारा, तार तपासणारा गावचाच तरुण शिकवून तयार करावा.

मुसळधार पावसात ही रेंजही जाऊ शकते. तेव्हा गरिबाने रिकाम्या पिशवीने परतायचे काय? मुळीच नाही! रेंज किंवा अंगठा जुळला नाही म्हणून कोणाचेही धान्य अडवू नये, असे केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळविले आहे. दुकानदाराला हे ठणकावून सांगा.

शेवटचा मुद्दा जागेचा. तबकडी कोणा पुढाऱ्याच्या माडीवर न बसता शाळेवर, अंगणवाडीवर किंवा आरोग्य उपकेंद्रावर बसावी, असा ठराव ग्रामसभेत आधीच करून घ्यावा. पाणवठा जसा सर्वांना खुला हवा, तशीच रेंजही. बंधु-भगिनींनो, तिकडे आपले नातलग, स्नेही असतील तर त्यांना हे जरूर कळवा, अशी आमची विनंती आहे.