सरपण कठीण की मऊ? आधी पाहा, सुके की ओले

गॅस घरोघरी आला, तरी चूल पुरती विझलेली नाही. सिलिंडर संपला, भाकऱ्या जास्त करायच्या असल्या किंवा बंबात पाणी तापवायचे असले की सरपण लागतेच. मग ठरलेला प्रश्न येतो : बाभळीसारखे कठीण लाकूड घ्यावे की पांगाऱ्यासारखे मऊ? या प्रश्नाचा संबंध जसा पैशांशी आहे, तसाच घरातल्यांच्या छातीशीही आहे.

बाभूळ, खैर, धावडा, चिंच ही जड लाकडे. पांगारा, सावर, शेवगा ही हलकी. दोन्ही सारखीच सुकलेली असतील तर एक किलोमागे मिळणारी उष्णता जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो आकारमानात. तेवढ्याच वजनाची पांगाऱ्याची मोळी बाभळीच्या मोळीपेक्षा कितीतरी मोठी दिसते. म्हणून मऊ लाकूड मोळीच्या भावाने घेणे महाग पडते. जळण्याची रीतही वेगळी आहे. मऊ लाकूड पटकन पेटते, भडकते आणि लवकर संपते. पेटवणाला आणि चहाला ते ठीक. कठीण लाकूड उशिरा पेटते, पण निखारा धरते. डाळ शिजायला, भाकरी शेकायला ते बरे.

धूर किती होणार, हे मात्र लाकडाच्या जातीपेक्षा त्याच्या ओलीवर अधिक ठरते. लाकूड तापले की त्यातून वायू निघतात. पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली तर ते ज्वाळेत जळून जातात. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचे असू शकते. म्हणजे दहा किलो ओल्या सरपणाबरोबर चार-पाच लिटर पाणीही चुलीत जाते. त्याची वाफ करण्यात उष्णता खर्ची पडते, चूल थंड राहते आणि अर्धवट जळालेले वायू धूर होऊन घरभर पसरतात. मग फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी येते.

पण नुकसान डोळ्यांपुरते थांबत नाही. धुरातले अडीच मायक्रॉनहून लहान कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. ते नाकात न अडकता थेट फुफ्फुसात उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठेवली. धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात हे प्रमाण शेकड्यांत जाते. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा याच संघटनेचा अंदाज आहे. जन्मात विडी न ओढलेल्या बाईलाही ओढणाऱ्यासारखा फुफ्फुसाचा जुनाट विकार होतो, तो या धुराने. लहान मुलांचा न्यूमोनिया, मोतीबिंदू, हृदयविकार आणि कमी वजनाचे बाळ यांचाही धुराशी संबंध आहे.

दुसरा धोका न दिसणारा आहे. कठीण लाकडाच्या किंवा कोळशाच्या निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. बाळंतिणीच्या बंद खोलीत रात्रभर शेगडी ठेवणे किंवा न्हाणीत दार लावून बंब पेटवणे म्हणूनच जिवावर बेतू शकते. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही लक्षणे दिसताच त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

सरपण वापरणाऱ्यांनी एवढे जरूर करावे :

१) लाकूड दिवाळीनंतर तोडून मनगटाएवढ्या जाडीचे फोडावे, मधून वारा खेळेल असे रचावे आणि उन्हाळाभर सुकवावे. पावसाळ्याआधी छपराखाली घ्यावे. कठीण लाकडाला सुकायला जास्त दिवस लागतात.

२) टोकांना चिरा पडल्या, साल सुटली आणि दोन ढलप्या आपटल्यावर खणखणीत आवाज आला, की सरपण सुकले समजावे. बद्द आवाज आला तर अजून थांबावे.

३) कण्हेरीचे लाकूड जाळू नये, तिचा धूरही विषारी असतो. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड, प्लॅस्टिक, टायरचे तुकडे चुलीत घालू नयेत.

४) चुलीशेजारी खिडकी किंवा धुराडे असावे. धुराडे असल्यास काजळी वेळोवेळी काढावी. तान्हे मूल चुलीजवळ निजवू नये.

५) दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर 'धुराचा आहे' म्हणून सोडून देऊ नये, थुंकी तपासून घ्यावी.

भुशाच्या दाबून केलेल्या पेलेट-कांड्या वापरणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. त्या कठीण लाकडाच्या की मऊ, यापेक्षा कोरड्या आहेत का ते पाहावे. चांगल्या कांडीत दहा टक्क्यांहून जास्त ओल नसते. पाणी लागून फुगलेली, हाताने सहज चुरडणारी पोती परत करावीत.

जिथे गॅस परवडतो, तिथे रोजचा स्वयंपाक गॅसवरच करावा. जिथे चूल पेटवावीच लागते, तिथे निदान ओले सरपण तरी घरात घेऊ नये.