काडी की गाडी?

धारावीतल्या महापालिकेच्या एका तमिळ शाळेत, तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो. तास मराठीचा. बाईंनी श्रुतलेखन घातलं, ‘खिडकीतून गाडी दिसते.’ शेजारच्या मुलाने लिहिलं, ‘किडकीतून काडी दिसते.’

मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर एक तमिळ अक्षर काढलं आणि त्याखाली क, ख, ग, घ लिहिलं. तमिळ लिपीत या चौघांना मिळून एकच अक्षर. शब्दाच्या सुरुवातीला आलं तर क, अनुनासिकानंतर आलं तर ग. ख आणि घ मूळ तमिळमध्ये नाहीतच. पोराने नीट ऐकलं होतं, फक्त घरच्या कानाने ऐकलं होतं. अशाच चुकांवर लाल शाईने ‘निष्काळजी’ लिहिलेल्या वह्या मी दुसरीकडे पाहिल्या आहेत. ‘तमिळ’ या नावातलं शेवटचं अक्षर आपण मराठी माणसं जन्मभर ‘ळ’ म्हणून उरकतो, ते ळ नाही. आपल्याला कोण निष्काळजी म्हणतं?

‘तळहात तोंडासमोर धरा,’ बाई म्हणाल्या. क म्हटलं, काही नाही. ख म्हटलं, हाताला वारा लागला. मग बोटं गळ्यावर. ग म्हणताना गळा थरथरतो. घ म्हणताना दोन्ही, थरथर आणि वारा. दहा मिनिटं वर्गभर नुसते ख आणि घ उडत होते.

ळ मात्र शिकवावा लागत नाही. ‘बाळ’, ‘केळं’, ‘फळा’ अगदी स्वच्छ. हिंदी माध्यमाची मुलं तिथेच ‘बाल’ म्हणत अडकतात, असं बाई म्हणाल्या.

अडतं ते लिंगाशी. तमिळमध्ये वस्तू आणि जनावरं सगळी एकाच लिंगात. इथे तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल. एका मुलीने विचारलंच, ‘टीचर, खुर्ची लेडीज कशी?’

‘आहे तशी आहे. पाठ कर,’ बाई म्हणाल्या. दुसरं काय सांगणार?

या मुलांचे आजे-पणजे तिरुनेलवेलीकडून चामड्याच्या कामाला इथे आले. पालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात. 2020 च्या कायद्याने मराठी सगळ्याच माध्यमांना सक्तीची झाली. मधल्या सुट्टीत मात्र सगळी पोरं बंबईया हिंदीत भांडतात, ती कोणी शिकवलेली नाही.

घंटा झाली. बाईंनी वह्या गोळा केल्या. पुढचा तास ट, ठ, ड, ढचा. तमिळमध्ये तिथेही एकच अक्षर आहे.